दुभाजकापाशी थांबलेला झेब्रा

"साहेब, शाळेसमोर पट्टे मारायला कुणी गाडीखाली यायची वाट बघताय का?"

मित्रांनो, हा प्रश्न विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी नववीतल्या तरन्नुमशी पैज लावली होती. रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमात तिनं तो थेट रस्ते खात्याच्या साहेबांनाच विचारला. साहेब म्हणाले, "अर्ज दे, बाळ." त्या अर्जातून माझा जन्म झाला. मी उमरग्याच्या हायवेवरचा झेब्रा, म्हणजे रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे. वय दीडच वर्ष, पण ट्रकांच्या टायरांनी मला लवकर म्हातारं केलं.

मुलींनी अर्जावर चारशे सह्या गोळा केल्या. मग एका सकाळी कामगारांनी उकळता रंग ओतला, वर काचेची भुकटी शिंपडली. काय चमकत होतो मी! तरन्नुमच्या मैत्रिणीनं, राजनंदिनीनं नारळ फोडला, पेपरवाल्यानं फोटो काढला. खोबरं खाता खाता राजनंदिनी थबकली. माझ्या मधोमध कमरेएवढा दुभाजक तसाच उभा होता.

"तरन्नुम, दुभाजक फोडा असं अर्जात लिहिलंय का गं आपण?"

"नाही. पट्टे मारा, एवढंच." तरन्नुमनं आवाज बारीक केला. "गप बस. आत्ताच फोटो निघालाय. पोरं वर्षभर हसतील."

दोघी गप्प बसल्या. मीही बसलो, मला कुठं तोंड आहे?

शाळेच्या फाटकाशी रुद्रम्मा आज्जी चिंचा-बोरं विकायच्या. त्या रोज शंभर पावलं लांब, पेट्रोल पंपाजवळ दुभाजकातल्या मोकळ्या जागेतून रस्ता ओलांडायच्या. तरन्नुमच त्यांना म्हणाली, "तिकडं कशाला जाता, आज्जी? आता पट्ट्यावरून यायचं. गाड्या थांबतात."

"व्हय का? तू म्हणतीस तर येते बाई."

आणि त्या यायला लागल्या. आधी टोपली दुभाजकापलीकडं ठेवायच्या, मग वर चढून पाय टाकायच्या. गेल्या महिन्यात पाय घसरला. मांडीचं हाड मोडलं. बोरं माझ्या अंगावर विखुरली. धावत आलेल्या तरन्नुमला त्या म्हणाल्या, "पोरी, पट्ट्यावरूनच आले बग." त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते मला अजून टोचतं.

मित्रांनो, मला नवा रंग द्या, असं मी म्हणत नाही. पण काम अर्धं असताना नारळ फोडू नका, आणि फोडलाच तर अर्धं राहिलंय हे सांगायला लाजू नका.

काल तरन्नुमचे आई-वडील तिला न्यायला आले. ती माझ्या कडेला उभी राहून दुभाजकाकडं बघत होती.

"चल बेटा," चाँदपाशा म्हणाले. "दहावीचं वर्ष आहे, अर्जबिर्ज बस झालं. चूक साहेबांची. तू कशाला आपलं नाव पुढं करतेस?"

"लोक काय म्हणतील?" फातिमाबी पुटपुटल्या.

तरन्नुमनं दप्तर खांद्यावर नीट घेतलं.

"अम्मी, अब्बा, उद्या मी दुभाजक फोडायचा अर्ज देणार. पहिल्या ओळीत लिहिणार, की चूक माझी होती, आणि ती मला पहिल्याच दिवशी कळली होती."