एप्रिलमधलं मत

"नाव आणि पत्ता सांगा. मोठ्यानं," व्हर्ना मान वर न करताच म्हणाली.

समोरचा माणूस गप्प. व्हर्नाने पेन झटकून पाहिलं, नव्या मतदाराच्या नोंदणीचा अर्ज सरळ केला. तरी गप्पच.

"अहो, लाजताय काय नव्या नवरीसारखे?" शेजारी बसलेली ट्रूडी म्हणाली. "इथं गव्हर्नर आला तरी त्यालासुद्धा नाव-पत्ता तोंडानंच सांगावा लागतो. विस्कॉन्सिनचा कायदाच आहे तसा."

"ऑरिन हॉगन," समोरून आवाज आला. नको तेवढा मोठा, कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा असतो तसा.

हा आवाज व्हर्नाच्या ओळखीचा होता. तिने मान वर केली. लोकरीची टोपी हातात चुरगाळत तिचा सख्खा भाऊ उभा होता. सहा ईस्टर झाले, हा माणूस तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. तीही नव्हती बोलली म्हणा. हॉगनांच्या घरात हट्ट कुणालाच कमी मिळालेला नाही.

आणि सगळं झालं कशावरून, तर अशाच एका निवडणुकीवरून. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर कोण बसणार, ह्याची निवडणूक. हिच्या मतपत्रिकेवर नावापुढे पक्ष लिहिलेला नसतो. नुसती दोन नावं, आणि प्रत्येकापुढे भरायचा एक लंबगोल. त्यांचे वडील नेल्स दूध काढता काढता सांगायचे, "न्यायाधीशाला पक्ष नसतो, तेव्हा त्या दिवशी आपल्यालाही नाही." एरवी नोव्हेंबरात, पक्षांच्या निवडणुकीला, हॉगनांच्या कुंपणावर पाट्या लागायच्या, पण एप्रिलमध्ये एक पाटी लावू देतील तर शपथ. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही पोरांना टेबलाशी बसवून ते पेपर वाचायला लावायचे, भांडायला लावायचे आणि शेवटी म्हणायचे, "आता ज्याचं त्यानं." पुढे व्हर्ना लग्न होऊन ह्या गावात आली, ऑरिन दूरच्या काउंटीत गायींपाशी राहिला. तरी त्या संध्याकाळी फोन व्हायचाच. "कुणाला?" तो विचारायचा. ती सांगायची. बहुतेक वेळा त्याचं मत उलटं असायचं आणि दोघं पोट धरून हसायची, की चला, हॉगनांची मतं एकमेकांना खाऊन बसली, आपण घरीच थांबलो असतो तरी चाललं असतं.

मग ते दिवस बदलले. मतपत्रिका तशीच राहिली, पण टीव्हीवर महिनाभर जाहिरातींचा भडिमार. कुठला न्यायाधीश कुणाच्या गोटातला, हे गोठ्यातल्या वासरालासुद्धा ठाऊक झालं. त्या वर्षी निवडणूक ईस्टरच्या तोंडावर आली होती. ऑरिनच्या टेबलावर हॅम कापलेलं होतं, बटाटे होते. ऑरिन काहीतरी बोलला. व्हर्ना म्हणाली, "तुझ्यासारख्यांमुळेच हे कोर्ट विकायला निघालंय." ऑरिनने काटा खाली ठेवला. "मग माझ्या ताटात जेवतेस कशाला?" म्हणाला. ती उठली, कोट घातला. नवरा बिचारा रॉय, तोंडातला घास तसाच घेऊन तिच्यामागे धावला. पुढे रॉय गेला तेव्हा ऑरिनने फुलं पाठवली. नुसती फुलं. व्हर्नाला ती फुलं नको होती, भाऊ हवा होता. त्याने आधी बोलावं, एवढ्यासाठी ती अडून बसली. अलीकडे तर कोण आधी ह्याचंही तिला काही उरलं नव्हतं. कुणीतरी बोलावं एवढंच.

"पत्ता," ती म्हणाली.

"मिल स्ट्रीट. बेकरीच्या वरची खोली."

व्हर्नाचं पेन थांबलं. मिल स्ट्रीट तिच्या घरामागेच. दर शनिवारी ती त्याच बेकरीतून राईचा पाव घ्यायची.

"कधीपासून?" तिने विचारलं. हे विचारावं लागतंच, महिनाभर तरी राहिलेला माणूस लागतो.

"नाताळच्या आधीपासून." त्याने विजेचं बिल पुढे सरकवलं.

अख्खा हिवाळा! ती खाली पाव घेत होती आणि हा वर बसला होता. एकदा वर पाहिलं असतं, तर खिडकीत दिसला असता. तिला नाही दिसला, पण त्याला ती दिसली असणारच.

"गायी?" तिच्या तोंडून गेलं. हा प्रश्न अर्जात कुठेच नव्हता.

"काय?"

"गायी, गायी!"

"विकल्या. गुडघे गेले माझे. पोरांना नको होतं ते काम."

"सगळ्या?"

"सगळ्या."

ट्रूडी एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. "ओळखीचे आहेत वाटतं?"

"हो," व्हर्ना म्हणाली. "सही करा इथं." त्याला "करा" म्हणताना तिलाच कसंतरी झालं.

त्याने सही केली, मतपत्रिका घेतली. मग जरा वाकून, दबक्या आवाजात म्हणजे सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ह्यावर पक्ष लिहिलेला नाही हो, बाई."

व्हर्नाच्या ओठाशी हसू आलं. पण केंद्रप्रमुख वेंडेल कॉप मतपत्रिका मोजणाऱ्या यंत्रापाशी उभा होता आणि त्याचे कान सशाचे. उमेदवारांबद्दल टेबलावर चकार शब्द काढायचा नाही, हे तो सकाळीच तीनदा बजावून बसला होता. बाराशे वस्तीच्या गावातली निवडणूक, पण ह्याचा थाट वॉशिंग्टनचा.

"आम्हाला त्याबद्दल काही सांगता येत नाही," ती म्हणाली.

ऑरिनने मान डोलावली आणि तो आडोशामागे गेला.

व्हर्नाला वाटलं, झालं. एवढं सोन्यासारखं निमित्त चालून आलं होतं आणि मी सरकारी बाईसारखी बोलले. तो आता मत देईल, टोपी घालेल, जाईल. मी काय करणार? पुन्हा शनिवारी पाव घेईन, आणि वर न बघता घरी येईन. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं, म्हणून ती उगाच अर्ज चाळत बसली.

एका मताला लागतो त्याहून पुष्कळ वेळ ऑरिन आत होता. मग बाहेर आला, पत्रिका यंत्रात सरकवली. यंत्र पीं पीं करून ओरडलं आणि पत्रिका जिभेसारखी परत बाहेर आली.

वेंडेल नजर दुसरीकडे वळवून हळूच काहीतरी म्हणाला.

"काय?"

वेंडेल पुन्हा म्हणाला.

"मोठ्यानं बोला, राजे!"

"न्यायाधीशाच्या जागेसाठी तुम्ही दोन्ही नावांपुढं खूण केलीय!" वेंडेलचा नाइलाज झाला. "ते मत मोजलं जाणार नाही! चूक झाली असेल तर ही रद्द करून नवी देतो!"

ट्रूडी हसू दाबत पुटपुटली, "बिचारे, वय झालं."

"चूक नाही झाली," ऑरिन म्हणाला. "एक माझं, एक बहिणीचं. तशीच घ्या."

"अहो, पण ते बाद..."

"बाद तर बाद. घ्या म्हटलं ना."

वेंडेलने बटण दाबलं. पत्रिका आत गेली. ऑरिनने टोपी घातली आणि कुणाकडेही न बघता लंगडत बाहेर पडला.

व्हर्ना उठली. "मी जेवायला चालले."

"अगं, आत्ता? तुझी पाळी एक वाजता," ट्रूडी म्हणाली.

"आज माझी पाळी आत्ताच आहे."

कोटाची बटणंसुद्धा न लावता ती बाहेर आली. बर्फ भुरभुरत होतं. ऑरिनचा तो जुना निळा ट्रक कडेला उभा होता आणि तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता. तिने काचेवर टकटक केली. त्याने काच खाली घेतली.

"बाबा असते तर बडवलं असतं तुला," ती म्हणाली. "मत वाया घालवलंस."

"असतंच."

"दार वाजवता येत नव्हतं? एक गल्ली, ऑरिन. एक गल्ली!"

"दोनदा आलो होतो. पायऱ्यांपर्यंत." तो समोर बघत म्हणाला. "तू म्हणाली असतीस, कशाला आलास, तर मी कुठं जाणार होतो? परत जायला आता गोठाही नाही."

तिने हात आत घालून त्याच्या बाहीवरचं बर्फ झटकलं, जे तिथे फारसं नव्हतंच.

"जेवलास का?"

"विकतचं सूप आहे घरी. डब्यातलं."

"डब्यातलं!" ती कडाडली. "थांब इथं. मला आठ वाजेपर्यंत सुटी नाही, नाहीतर..."

हॉलच्या दारातून वेंडेलने हाक मारली. नवे मतदार आले होते आणि टेबलाशी दोन माणसं लागतात.

"जा," ऑरिन म्हणाला. "मी आहे."

"आहेस म्हणजे? थंडी बघ किती आहे. घरी जा, मी संध्याकाळी येते."

"जा गं तू," तो म्हणाला आणि काच वर केली.

दुपारभर लोक येत राहिले. नाव, पत्ता, सही. दार उघडलं की व्हर्ना बाहेर बघायची, आणि निळा ट्रक तिथेच असायचा. गेला असेल म्हणून तिने दर वेळी जीव मुठीत धरला, आणि दर वेळी तो तिथेच. चारच्या सुमाराला जरा उसंत मिळाली तशी ती कॉफीचा कप घेऊन बाहेर गेली.

तो झोपला होता. मान मागे टेकलेली, तोंड उघडं, टोपी गुडघ्यावर. डोक्यावरचे केस जवळजवळ गेले होते, गळ्याची कातडी सैल होऊन कॉलरवर आली होती. झोपेतही उजवा हात थरथरत होता. कधीपासून थरथरतो हा? कुणाला ठाऊक. सहा वर्षं तिने मनात जो भाऊ धरून ठेवला होता तो हॅम कापणारा, ताठ मानेचा, तिच्यावर आवाज चढवणारा होता. हा म्हातारा कधी झाला, हे बघायचं तिचं राहूनच गेलं होतं.

तिने काच वाजवली नाही. कप दोन्ही हातांत धरून ती कॉफी गार होईपर्यंत तिथेच उभी राहिली.