शेवंतीच्या खांद्यावरची गाठ

मित्रांनो, मी एक जुना खरारा आहे. म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नसणार. तुम्हाला गाडी पुसायचं फडकं ठाऊक असतं. खरारा म्हणजे घोड्याचं अंग घासायचा लोखंडी कंगवा. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ झालं.

मला कसब्यातल्या एका लोहाराने घडवलं. पत्र्याच्या सहा पट्ट्या, प्रत्येकीला कानशीने पाडलेले दात, आणि मागे शिसवी मूठ. गुलजारभाईंचे वडील टांगा हाकत, त्यांनी मला घेतलं. पहाटे ते एका हाताने मला घोड्याच्या अंगावरून फिरवत आणि माझ्या मागोमाग दुसऱ्या हाताचा उघडा तळवा. खरारा, तळवा, खरारा, तळवा. जात्याच्या घरघरीसारखी ती लय गल्लीत ऐकू यायची. "मळ खरारा काढील, पण दुखतंय कुठं ते हातालाच कळायचं," असं ते लेकाला सांगत. मला तो म्हातारपणचा चाळा वाटायचा. काम मी करायचं आणि मान तळव्याला.

टांगे गेले, वडीलही गेले. आता गुलजारभाईंकडे एकच घोडी आहे, शेवंती. शेवंतीच्याच फुलासारखी पांढरी, मानेवर पिवळसर झाक, आणि कातडी अशी मऊ की माझे दातसुद्धा तिच्यावर हळू पडतात. ती वरातीत जाते. वरातीबद्दल काय सांगू? दर नवरदेव चढताना विचारतो, "हिला ब्रेक कुठंय?" आणि आपल्याच विनोदावर आपणच हसतो. बँडवाला दत्तप्रसाद तिच्या कानात क्लॅरिनेट फुंकतो. आणि ती झूल. लाल मखमलीची, जरीची, आरशांची. लोक तिच्या आरशांत आपापले फेटे नीट करतात आणि तिला वाटतं, सगळे तिलाच बघतायत. वर्षातून एकदा अंघोळ, आणि तोरा केवढा.

गुलजारभाईंचंही सांगतो. वडिलांचा उजवा हात त्यांनी उचलला, डावा नाही. डाव्या हातात मोबाईल असतो. माझ्या मागून तळवा फिरायचा, तो केव्हाच बंद झाला.

फाल्गुनात शनिवार पेठेतल्या एका वरातीत कोण्या पाहुण्याने शेवंतीच्या खांद्यावर चमकीचा फवारा मारला. सकाळपर्यंत तो खळीसारखा कडक झाला. गुलजारभाईंना घाई होती. त्यांनी मला जोर लावून खसाखसा फिरवलं. शेवंतीने अंग चोरलं. "उभी रहा गं," ते मोबाईलवरची नजर न काढता म्हणाले. त्याच सकाळी माझ्या चौथ्या ओळीतला एक दात गेला. पेंढ्यात पडला असेल, असं मी धरून चाललो. या वयात एखादा जायचाच.

दोन आठवडे गेले. गुलजारभाई बाहेर होते म्हणून त्यांच्या बायकोने, बिलकिसने, शेवंतीला पाणी दाखवलं आणि सहज खांद्यावर हात ठेवला. हात तिथेच थांबला. गुलजारभाई येईपर्यंत ती तिथेच उभी होती.

"अहो, हात लावा इथं."

गुलजारभाईंनी बोट टेकवलं. "माशी चावली असेल."

"माशी बोराएवढी गाठ करते?"

"रविवारची वरात होऊ दे. झूल टाकली की दिसत नाही."

"लोकांना दिसत नाही. तिला दुखतंय ना?"

ते बादली उचलून बाहेर निघाले. ते का टाळत होते, हे मला ठाऊक होतं. घोड्यांना ग्लँडर्स नावाचा रोग होतो. त्यात कातडीखाली गाठी येतात, आणि तो माणसालाही लागू शकतो. म्हणून रोग निघाला तर घोड्याला जगू देत नाहीत. लोणी काळभोरच्या त्यांच्या एका दोस्ताची घोडी अशीच गेली होती. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली होती तिला. आपण विचारलंच नाही, तर कोणी सांगणारही नाही, असा गुलजारभाईंचा हिशोब. भित्रेपणाला माणसं काय काय नावं देतात.

दत्तप्रसाद येऊन म्हणाला, "उजव्या खांद्यावर गाठ म्हणजे लक्ष्मी हो गुलजारभाई. हळद लावा." यापुढे त्याच्याबद्दल मी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या गाठीवरून गेलो. आत काहीतरी कठीण होतं. स्पर्श ओळखीचा वाटला. पण माझा गुन्हेगार ठरलेला होता: ती झूल. तिचीच टाचणी, नाहीतर तिच्याच आरशाची काच. मी मनातल्या मनात तिला शंभर शिव्या दिल्या आणि पुढे सरकलो.

बिलकिसने कोणाला न विचारता डॉक्टर भाग्यश्रींना बोलावलं. त्या स्कूटरवरून आल्या, आधी हातमोजे चढवले.

"कधीपासून आहे?"

"परवा दिसली," गुलजारभाई म्हणाले.

"परवा दिसली, की परवा बघितलीत?"

त्यांनी रक्त काढून घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत वरात नाही, उघडा हात लावायचा नाही.

"आणि निघालं तर?" बिलकिसने विचारलं.

"तर मी स्वतः येईन," डॉक्टर म्हणाल्या, आणि बॅगेची चेन लावायला त्यांना फार वेळ लागला.

वरातवाल्या हिंमतरावांचा फोन आला. घोडी नाही तर नवरदेव काय चालत येणार? "पाय आहेत ना त्यांना?" म्हणून बिलकिसने फोन ठेवला. आठ दिवस गुलजारभाई तबेल्याच्या उंबऱ्यावर बसून राहिले. मोबाईल घरात पडलेला. शेवंती मान लांबवून त्यांचा हात शोधायची, आणि ते दोन्ही हात काखेत दाबून धरायचे.

रिपोर्टात काही निघालं नाही. गुलजारभाई शेवंतीच्या मानेत तोंड खुपसून रडले. मग डॉक्टरांनी गाठ उघडली. पू आला, आणि त्यामागून चिमट्यात काहीतरी. स्टीलच्या वाटीत ते टण्णकन वाजलं. मी झुलीकडे बघून हसायच्या तयारीत होतो.

गुलजारभाईंनी तो काळा तुकडा धुतला, बराच वेळ बघितला. मग मला खुंटीवरून काढलं आणि तो माझ्या चौथ्या ओळीच्या खिंडीशी धरला. तंतोतंत बसला.

"याला आता विश्रांती द्या," डॉक्टर म्हणाल्या. त्या माझ्याबद्दल बोलत होत्या.

मित्रांनो, मी खुंटीवर असतो. माझ्या जागी रबराचा ब्रश आला आहे, आणि त्याला नावं ठेवायला मला तोंड उरलेलं नाही. गुलजारभाई रोज सकाळी तो फिरवतात आणि मागोमाग उघडा तळवा. शेवंती डोळे मिटून त्या तळव्यावर रेलते. तुम्ही कोणत्याही जिवाची निगा राखाल, तेव्हा हातातल्या अवजारावर फार विसंबू नका. ते चुकलं तर ते स्वतः सांगत नाही. मागून आपला हात फिरवा, आणि जिथे तो अडखळेल तिथे थांबा.

समोरच्या खुंटीवर झूल टांगलेली असते. तिच्या एका आरशात मी दिवसभर दिसतो. एक दात कमी.