नावापुरती सही

रविवारी दुपारी मामा खुळखुळा घेऊन आले तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आमची ठमी रांगायला लागली, तरी तिच्यासाठी मामांनी साधं टोपडंही आणलं नव्हतं. खुळखुळ्याचा रंग निघतो का, ते मी नखानं खरवडून पाहिलं आणि तो फ्रिजवर ठेवून दिला.

हे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. ज्या छोट्या कारखान्यात हा अकरा वर्षं लेथ चालवतो, तिथलेच हिशेबनीस. नोकरी त्यांनीच लावून दिलेली, त्यामुळे आमच्या घरात मामांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

चहा अर्धा झाल्यावर त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले. "कंपनी नवी होतेय. जुनीतून राजीनामा, दुसऱ्या दिवशी नवीत हजर. मशीन तेच, पगार तोच. नावापुरती सही रे."

हा पेन शोधायला लागला. मी ठमीला घेऊन दोघांच्या मधे बसले.

"आणि दुसरा कागद कशाचा, मामा?"

"पावती गं. ग्रॅच्युइटीसकट सगळं मिळालं म्हणून."

"मिळालंय कुठे?"

"मिळेल ना, खरंच सोडून जाईल तेव्हा! सूनबाई, कॉमर्स शिकलीस म्हणून मला हिशेब शिकवू नकोस." ते हसले. "आजवर कुणी गेला की तेव्हाचं तेव्हा देत होतो. आता नवे ऑडिटर म्हणतात, सगळ्यांचं साठलेलं देणं यंदाच हिशेबात दाखवा. दाखवलं तर नफा बुडाला, बँक कर्ज देणार नाही, कारखान्याला टाळं. राजीनामे आले की बोजा शून्य."

"म्हणजे याची अकरा वर्षं शून्य. नव्या कंपनीत हा कालचा पोरगा. जुनं मागायला गेला की हीच पावती तोंडावर मारतील."

"अगं, मामा आहेत ते," नवरा पुटपुटला.

म्हणूनच तर. परक्याला मी दारातूनच वाटेला लावलं असतं. यात मामांना काय मिळणार, याचाच मी अंदाज घेत होते. दाराशी काढलेल्या त्यांच्या चपलासुद्धा निरखून पाहिल्या. जुन्याच होत्या, एकीचा अंगठा शिवलेला.

"तुम्ही केलीत सही?"

वाटलं, आता नजर चुकवतील. पण त्यांनी ऐटीत आणखी दोन कागद काढले. "सगळ्यांत आधी माझी! मालक म्हणाले, तुम्ही केलीत की बाकीचे डोळे मिटून करतील."

सही त्यांचीच होती. तारखेची जागा मोकळी.

"तारीख?"

"मालक घालतील, सोयीनं."

"मामा, तुमच्या सव्वीस वर्षांचे किती होतात?"

कारखान्यातल्या प्रत्येकाचं देणं ज्यांना तोंडपाठ, ते मामा कपाची कड पुसायला लागले. "आपलं आपण कोण मोजतं?" म्हणाले, पण ओठ हलत होते. चहावर साय धरली.

नवऱ्यानं पेनाला टोपण लावलं. "मामा, मी नाही करत."

"मालकांना काय सांगू?"

"सांगा, बायकोनं करू दिली नाही."

"खुशाल सांगा," मी म्हटलं. "माझ्या नावानं खडे फोडू देत."

मामा उठले, पिशवी काखेत मारली, चपला घातल्या आणि दारातच थांबले. "टाळं लागलं तर गं?"

"लागेलही. पण तुमचं देणं तुमचंच राहील. मागता तरी येईल."

त्यांनी काखेतली पिशवी पुन्हा उघडली. मग त्यांनी स्वतःचे दोन्ही कागद माझ्यासमोर धरले. "तूच फाड. माझ्या हाताला सवय नाही."

"याची झेरॉक्स नाही ना मालकांकडे?"

"नाही."

"नक्की?"

"सूनबाई!"

मी फाडले. मामांनी तुकड्यांसाठी पिशवी उघडली, पण मी ते त्यांच्याकडे दिले नाहीत. ते खाली फाटकापर्यंत पोचेतो मूठ मिटून तशीच खिडकीत उभी राहिले.