पट्टीवरचं बोट

मी एक जुनी जाळी आहे. टेनिसची. सध्या मी घेवड्याच्या वेलांभोवती उभी असते आणि हरणांना पाल्यापासून लांब ठेवते. हरणं बरी. ती माझ्यावर रेलून उभी राहत नाहीत आणि खोटंही बोलत नाहीत. मित्रांनो, तुम्हाला गोड गोष्ट ऐकायची असेल तर एखाद्या बाहुलीकडे नाहीतर छत्रीकडे जा. माझा स्वभाव तिरसट आहे. तो तसा का झाला, तेवढं मी सांगते.

एका कारखान्यात काळ्या दोऱ्याच्या गाठी मारून माझं अंग विणलं गेलं. वरच्या कडेला जाड पांढऱ्या कापडाची पट्टी शिवली आणि त्या पट्टीतून एक तार ओवली. मग मला गुंडाळून अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या हॅलोवे गावच्या कॉलेजात पाठवलं. तिथे माझ्या वाट्याला तीन नंबरचं कोर्ट आलं. एक नंबरच्या कोर्टासमोर पायऱ्या होत्या, सावली होती, टाळ्या होत्या. माझ्याकडे लोक पाठ करून बसायचे आणि उकडलेल्या शेंगांची टरफलं खांद्यावरून माझ्या कोर्टात भिरकवायचे.

व्हिटफील्ड नावाचे कोच होते. सकाळी दांडा फिरवून ते मला करकचून ताणायचे, मधोमध उंची मोजायचे आणि खुश व्हायचे. संध्याकाळी तार सैल करायला मात्र हमखास विसरायचे. ऊन, पाऊस, थंडी सगळं मी ताणलेल्या अंगाने सोसलं. त्यामुळे माझी पट्टी मध्यावर लवकर विरली. त्याबद्दल ते कारखान्याला शिव्या द्यायचे.

माझं काम अडवण्याचं. चेंडू अडला की पोरं माझ्याकडे असं बघायची, जणू मीच मध्ये आडवी आले. कुणी रॅकेट हाणायचं, कुणी लाथ मारायचं. चेंडू बरोबर पलीकडे गेला तर माझी कुणाला आठवणही नसायची. मी कधी कौतुकाची अपेक्षा केली नाही. पण एक अपमान मात्र मला फार लागला, आणि तो समजल्याशिवाय पुढची हकीकत तुम्हाला कळणार नाही.

इथले लोक मला नेट म्हणतात. सगळीकडे रीत अशी आहे की सर्व्हिसचा चेंडू माझ्या पट्टीला घासून पलीकडच्या चौकोनात पडला, तर कुणीतरी "नेट" म्हणतं, खेळ थांबतो आणि ती सर्व्हिस पुन्हा होते. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या मुलांच्या सामन्यांत मात्र तसं होत नाही. चेंडू मला घासू दे नाहीतर न घासू दे, खेळ चालूच राहतो. याचं कारण ऐका. पूर्वी समोरच्याची झणझणीत सर्व्हिस परतवता आली नाही की काही मुलं खुशाल "नेट, नेट" म्हणून हात वर करायची. चेंडू जाळीला शिवलेलाही नसायचा. आमच्या नावावर इतकं खोटं खपवलं गेलं, की शेवटी आमची साक्षच रद्द झाली. खोटं बोलली माणसं, आणि तोंड बंद झालं आमचं.

अशा ठिकाणी जूड क्रॅब्ट्री आला. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका ओल्या, थंड गावातला हडकुळा मुलगा. त्याने पहिल्याच दिवशी माझ्यात चेंडू मारला आणि मला "सॉरी" म्हणाला. मला वाटलं, टिंगल करतोय. पण तो खांबाला सॉरी म्हणायचा, चेंडूच्या टोपलीला म्हणायचा, स्वतः पाय मुरगळून पडला तरी जमिनीला म्हणायचा. बाकीची मुलं हसायची. मी मात्र त्याच्या सॉरीची वाट बघू लागले. काय करणार, दुसरं कुणी म्हणतच नव्हतं.

एकदा सराव संपल्यावर त्याने माझ्या पट्टीवर एक बोट ठेवलं आणि सोबतच्या मुलाला सांगितलं, की त्याच्या गावच्या क्लबात हॉर्सफॉल नावाच्या बाई शिकवायच्या. त्या लहान मुलांना आळीपाळीने खांबापाशी बसवायच्या. पट्टीवर बोट ठेवायचं आणि चेंडू घासल्याचं जाणवलं की "नेट" म्हणायचं. सर्व्हिस कुणाचीही असो, आपल्या मित्राची असो नाहीतर खुद्द बाईंची. खेळणाऱ्यालाही तीच शिस्त. चेंडू घासल्याचं ज्याला आधी कळेल, त्याने आधी बोलायचं. जूड आणि त्याचा मित्र कीरन लोमॅक्स असे बोट ठेवूनच लहानाचे मोठे झाले होते. ते ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पुढच्या वर्षी जूडच्या शब्दावर कोचनी त्या कीरनलाही बोलावून घेतलं. हा मला मुळीच आवडला नाही. मोठ्याने हसायचा, हरला की माझ्यावर रॅकेट आपटायचा आणि सॉरी हा शब्द त्याच्या गावीही नव्हता. पण दोघांचं मेतकूट जमलं होतं. एका खोलीत राहायचे, एकाच ताटलीतून बटाटे खायचे, आणि इथल्या बर्फ घातलेल्या गोड चहाला मिळून नावं ठेवायचे.

दोन वर्षांनी कीरन कॉलेज बदलून निघून गेला. इथे तसं चालतं. एका कॉलेजचा खेळाडू दुसऱ्याने उचलायचा. पण तो गेला आमच्या कट्टर वैऱ्यांकडे, आणि जूडला एका शब्दाने न सांगता. जूडला ते कोचच्या तोंडून कळलं. त्या दिवशी त्याने माझ्यात टोपलीभर चेंडू मारले आणि एकदाही सॉरी म्हटलं नाही. त्यानंतर वर्षभर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

त्या वर्षी अजिंक्यपदाची अंतिम फेरी आमच्याच मैदानावर होती, आणि समोर तेच वैरी. टेनिस एकेकट्याचा खेळ असला, तरी इथे सगळ्या संघाचे सामने शेजारच्या कोर्टांवर एकाच वेळी चालतात आणि गुण संघाला मिळतात. चार गुण आधी मिळवेल त्याचा करंडक. तीन-तीन अशी बरोबरी झाली आणि एकच सामना चालू राहिला. तो माझ्या कोर्टावर. जूड विरुद्ध कीरन.

एरवी माझ्याकडे पाठ करणारी सगळी गर्दी कुंपणाला येऊन चिकटली. मित्रांनो, इथे प्रेक्षकांनी गप्प बसायची पद्धत नाही. समोरच्याला चिडवायचं, घाबरवायचं, हेच त्यांचं काम. कीरनचा तर त्यांना विशेष राग.

"ए लोमॅक्स, घरी फोन लाव, चहा टाकून ठेव म्हणावं."

"इथून पळालास, आता तिथून कुठे पळणार? कॉलेजं संपत आली लेका."

कुणी त्याच्यासारखे उच्चार काढून ओरडत होतं, कुणी त्याच्या दातांवर बोलत होतं, कुणी त्याच्या गावच्या पावसावर. जूडही त्याच गावचा होता. त्याचे उच्चार तेच, पाऊस तोच. प्रत्येक टोमण्याला त्याचे कान लाल होत होते. पण गर्दीतल्या एकालाही ते सुचलं नाही, कारण तो आमचा होता. जिंकत होता तोवर आमचा.

तिसरा, शेवटचा सेट. जूड सहा-पाचने पुढे. चाळीस-चाळीस. इथे पुढचा एकच गुण गेम ठरवतो. जूडला मिळाला तर करंडक आमचा. कीरनला मिळाला तर सहा-सहा आणि टायब्रेक, म्हणजे निकालासाठी एक जादा गेम. एवढंच. हरायची वेळ जूडवर अजून आलीच नव्हती, हे लक्षात ठेवा.

जूडने सर्व्हिस मारली. चेंडू माझ्या पट्टीच्या विरलेल्या जागी आपटला, किंचित उडाला आणि पलीकडे चौकोनात अलगद पडला. गर्दी किंचाळली. आणि त्याच क्षणी जूड म्हणाला, "नेट."

चार वर्षं इथल्या नियमाने खेळलेला तो मुलगा. पण जीव टांगणीला लागला तेव्हा त्याच्या तोंडून हॉर्सफॉल बाईंची शिस्त बाहेर पडली. तो आवाज ऐकून समोर कीरननेही त्याच शिस्तीने हात वर केला आणि चेंडू जाऊ दिला. इथल्या मातीत वाढलेल्या कुठल्याही मुलाने तो चेंडू परत मारला असता. ही चूक फक्त त्या दोघांनाच करता येण्यासारखी होती.

पंच बाईंची नजर चेंडूबरोबर पलीकडे गेली होती आणि त्यांच्या पाठीशी गर्दी बोंबलत होती. त्यांना दिसला तो फक्त कीरनचा हात. चेंडू बरोबर पडला, परतवला नाही, गुण जूडचा. त्यांनी सामना संपल्याचं जाहीर केलं.

कीरन धावत त्यांच्या खुर्चीपाशी आला. "आधी हा ओरडला. याचं ऐकून मी थांबलो."

नियम साफ होता. चेंडू खेळात असताना जो बोलून खेळ थांबवतो, त्याचा गुण जातो. पंच बाईंनी आमच्या पोरांना मैदानात यायला मनाई केली आणि जूडला जवळ बोलावलं. गर्दी जरा शांत झाली.

"क्रॅब्ट्री, तू काही बोललास का?"

जूड माझ्यापाशी उभा होता. त्याने कुंपणाकडे पाहिलं. कोच व्हिटफील्ड दोन्ही हात डोक्यावर धरून उभे होते. मी मनात म्हटलं, बोल पोरा. मला सॉरी म्हणणारा तू, तुला एवढं काय अवघड आहे?

"जूड," कीरन हळू म्हणाला, "हॉर्सफॉल बाई असत्या तर सांगितलं असतंस ना? तसंच सांग."

"मी काहीच बोललो नाही," जूड म्हणाला.

मित्रांनो, माझ्या अंगावर लाथा पडल्या आहेत, थुंकी पडली आहे. पण त्या चार शब्दांइतकं काही लागलं नाही. इतर कुणी ते बोललं असतं तर मला नवल वाटलं नसतं.

निकाल कायम राहिला. सामना संपला की दोघांनी माझ्यावरून हात मिळवायचे असतात. जूडने हात पुढे केला. कीरनने तो घेतला नाही. चेंडू जिथे घासला होता, नेमक्या त्याच जागी त्याने माझ्या पट्टीवर एक बोट ठेवलं, जूडच्या डोळ्यांत पाहिलं आणि निघून गेला. मला न आवडणारा तो मुलगा त्या दिवशी खरं बोलला होता, आणि तो हरलेला म्हणून निघून गेला. गर्दीने मग जास्तच हुर्यो केली. याला हरायचंही कळत नाही, असं कुंपणाजवळची एक बाई शेंग सोलत म्हणाली.

मग माझी पाळी आली. इथे बास्केटबॉलचं अजिंक्यपद मिळालं, की शिडीवर चढून बास्केटची जाळी कापतात आणि तुकडे आठवण म्हणून वाटून घेतात. आमच्या पोरांच्या अंगात तेच आलं. कुणीतरी मलमपट्टीच्या डब्यातली कात्री आणली. मी जिंकले नव्हते, हरले नव्हते, मला कुणी काही विचारलंही नव्हतं. तरी कापली गेले मीच. कोचनी मध्यावरच्या पट्टीचा पहिला तुकडा कापून जूडच्या हातात दिला. तोच, जिथे चेंडू लागला होता. सगळे टाळ्या वाजवत होते. जूडने तुकड्याकडे न बघता तो खिशात कोंबला.

मधोमध भोक पडलेली जाळी कोर्टाला काय कामाची? कोच मला घरी घेऊन गेले आणि त्यांच्या बायकोने, लॉरेटाबाईंनी, भोक खाली दुमडून मला या घेवड्याभोवती लावलं.

थोड्या दिवसांनी कोचनी शेवटच्या वर्षाच्या मुलांना निरोपाचं जेवण दिलं. अंगणात डुकराचं मांस भाजत होतं, हसणं-खिदळणं चाललं होतं. जूड ताटली घेऊन एकटाच इकडे आला. त्याने मला ओळखलं. खिशातून तो तुकडा काढला आणि वेलाच्या खुंटीला बांधला. मग माझ्या कापलेल्या कडेवर बोट ठेवलं आणि अगदी हळू म्हणाला, "नेट."

आणि त्यानंतर म्हणाला, "सॉरी."

मला? मला कशाला? माझं आणि त्याचं भांडणच नव्हतं. ज्याला म्हणायचं तो एका फोनाच्या अंतरावर होता, आणि फोन जूडच्या हातात होता. त्याने तो काढला होता. कीरनचं नावही समोर आणलं होतं. एवढ्यात ओसरीवरून कोचनी हाक मारली, "पोरा, तिकडे हरणांशी काय बोलतोस? मांस गार होतंय." जूडने फोन खिशात टाकला आणि तो जेवायला गेला.

मित्रांनो, खेळ संपला की आमची तार सैल करत जा, एवढी माझी विनंती आहे. रात्रंदिवस ताणून ठेवलेली जाळी फार टिकत नाही. आणि सॉरी म्हणायचंच असेल, तर ज्याचं नुकसान केलंत त्याला म्हणा. खांबाला, टोपलीला आणि जाळीला म्हणून काही भरून येत नाही. जूडचं विमान दुसऱ्या दिवशी गेलं.

तो तुकडा अजून खुंटीला बांधलेला आहे. वाऱ्याने हलला की हरणं बिचकून मागे सरतात. तेवढाच त्याचा उपयोग.