वासाकच्या नावावर पाय द्या

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. आर्मेनियातल्या डोंगरावरच्या मठाच्या दारात, उंबऱ्याला लागून, सातशे वर्षं आडवा पडून आहे. आजवर मी कसलीच तक्रार केली नाही. पण या ईस्टरला जे पाहिलं, त्याने मी अजून सुन्न आहे!

माझ्याखाली वासाक झोपला आहे. तो इथला सरदार. दुष्काळात त्याने आपल्या कोठारांना कुलपं घातली आणि त्याच्या दारासमोर माणसं भुकेने मेली. पुढे पश्चात्तापाने तो पार खचला. त्याने हा मठ बांधला आणि मरताना सांगितलं, "मला आत देवाजवळ पुरू नका. दारात पुरा. वर माझं नाव कोरा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्यावर पाय देऊ द्या. नाव झिजून गेलं, की मला माफी मिळाली असं समजा."

केवढी जबाबदारी माझ्यावर! मी लगेच कामाला लागलो. म्हणजे, पडून राहिलो. भिक्षूंच्या अनवाणी पावलांनी फारसं काही होईना. स्वारी करून आलेल्यांच्या घोड्यांनी मात्र बरीच मदत केली. मग भूकंपात घुमट कोसळला, भिक्षू निघून गेले, मठात मेंढ्या कोंडल्या जाऊ लागल्या. मेंढ्यांचे खूर फार कामाचे, मित्रांनो! एकेक अक्षर पुसट होत गेलं.

शेवटी एकच अक्षर उरलं. तेही बोटाने चाचपलं तरच कळायचं. खालच्या गावातली शोघाकात नावाची आजी दर रविवारी मेणबत्ती लावायला यायची आणि त्यावर बूट घासायची. भुकेने मेलेल्यांत तिचेच पूर्वज होते. "माझ्या डोळ्यांदेखत सुट रे बाबा एकदाचा," म्हणायची.

या हिवाळ्यात ती लेकीकडे गेली. तिचा मुलगा मुशेघ पाथरवट आहे. एके दिवशी तो छिन्नी-हातोडा घेऊन माझ्यापाशी बसला. मला वाटलं, कडा नीट करतोय. अहो, कसलं काय! वासाकचं नाव तो नव्याने कोरत होता! बोटाचं पेर बुडेल इतकं खोल! ओरडावं म्हटलं, तर मला तोंड कुठे आहे?

ईस्टरला आजी सणासाठी लाल रंगवलेल्या अंड्यांची टोपली घेऊन आली. दारात आली आणि जागीच थिजली.

"मुशेघ! अरे, हे काय करून ठेवलंस?"

"तुझ्यासाठीच केलं, आई! नाव पार बुजलं होतं. आता हजार वर्षं हलत नाही बघ."

"हजार वर्षं! मेल्या, एक अक्षर राहिलं होतं रे! एकच!"

मुशेघचा चेहरा खर्रकन उतरला. गोष्ट त्याने लहानपणापासून ऐकली होती. पण पाथरवटाला पुसट अक्षर बघवत नाही, हात शिवशिवतात. तो चाचरत म्हणाला, "मग... तासून टाकू का?"

"छिन्नीने माफी मिळते होय? पायांनीच मिळायची ती."

आता नाव झिजणं आजीच्या हयातीत व्हायचं नव्हतं. ते तिलाही कळलं, मलाही कळलं. मग तिने टोपली मुशेघकडे दिली, त्याचा खांदा धरला आणि पहिल्या अक्षरावर बूट घासायला लागली.

"बघत काय बसलास? तूही ये. पुन्हा पहिल्यापासून."

मित्रांनो, कुणाच्या नावाला पाय लावायला तुम्हाला संकोच वाटेल, हे मला ठाऊक आहे. तरीही कधी या दारात आलात, तर मला ओलांडून जाऊ नका. चांगला भक्कम पाय द्या. खाली एक माणूस वाट बघतोय.