खाणारं कोण?

"याची रेषा कुठनं जाते गं?" आजोबांनी विचारलं.

ओट्यावर टोफूची वडी पडली होती. पांढरी, ओली, चारही बाजूंनी सारखी. आजोबांनी ती अंगठ्यानं दाबून पाहिली, उलटी केली, खिडकीच्या उजेडात धरली. मांसाला रेषा असते. तिच्या आडवं कापलं तर घास तोंडात विरतो. तिच्या कलानं कापलं तर खाणारा तासभर दातात काडी घालून बसतो. चाळीस वर्षं खाटकाचा धंदा केलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. पण या वडीला ना रेषा, ना चरबी, ना हाड. सरकारी खुलाशासारखी ती कुठूनही उघडली तरी आत तेच होतं.

"आजो, ते टोफू आहे," आठ वर्षांची थोरली नात दाराच्या चौकटीतून म्हणाली. "त्याला काहीच नसतं."

"काहीच नसलेलं कापायचं कसं?"

"चौकोनी. आई चौकोनी कापते."

आजोबांनी दारामागच्या खिळ्यावरची कापडी पिशवी काढली आणि आतल्या फडक्यातून सुरा सोडवला. दुकानातला सुरा. घरातल्या सुऱ्यांनी लोणीसुद्धा विचार करून कापलं जायचं. शिवाय त्यांच्या वस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हत्यार धन्याबरोबर घरी जातं. तेव्हापासून सुरा रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी येई आणि सकाळी त्यांच्याबरोबर कामाला जाई. बायको होती तेव्हा म्हणायची, "माझ्याबरोबर तरी एवढे फिरला असतात!"

चौकोन अगदी एकसारखे पडले. दाखवायला म्हणून आजोबा वळले, तर चौकटीत कुणी नव्हतं.

दुकानात ते काका, घरात बाबा आणि नातींच्या तोंडी आजो. माणूस तिन्हीकडे एकच. पण त्याच्या शब्दाला भाव दुकानात जास्त. तिथे त्यांचे दोन नियम होते. पहिला, खाणारं कोण हे विचारल्याशिवाय सुरा उचलायचा नाही. लेकरू असेल तर तुकडे बारीक, म्हातारा असेल तर हाड काढून, जावई असेल तर नळी वरच दिसेल असं. दुसरा, कापायचं ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर, पाठ फिरवून नाही. या दोन नियमांवर अर्ध्या गावाची रात्रीची जेवणं निर्धास्त चालली होती.

स्वतःच्या घरी मात्र खाणारं कोण, हे विचारायची वेळ आली नव्हती. दुकान आवरून घरी येईस्तोवर पोरं जेवलेली असत. मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, त्याला दोन मुली झाल्या. हे सगळं आजोबांना आवडलंही, पण त्यातल्या कुणालाही ताटावर बसलेलं फारसं पाहायला मिळालं नव्हतं.

मग महिन्यापूर्वी घरात फर्मान निघालं. मुलाचं कोलेस्टेरॉल वाढलंय, तेव्हा मांस फक्त रविवारी. मुलगा बस चालवायचा. आदल्या महिन्यात त्यानं एकट्यानं कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवलं होतं, पण आता वडील घरात असले की जिना चढताना त्याला धाप लागे. आजोबांना वाईट वाटलं. खाटकाच्या घरात शाकाहार म्हणजे न्हाव्यानं जटा वाढवण्यासारखं. पण पोराच्या काळजापुढे दुकानाची शोभा ती काय! त्यांनी मान हलवली. स्वतःचं जेवण ते दुपारी दुकानातच उरकू लागले, रात्री घरी ताटावर बसेनासे झाले.

त्यात सूनबाईची दुपारपाळी लागली. ती नर्स. महिनाभर दुपारी दोनला जायची, रात्री उशिरा यायची. मुलगा साडेनऊशिवाय उगवत नसे. राहिले आजोबा. शेजारच्या गाळ्यातल्याला दुकानावर बसवून ते संध्याकाळी सहाला घरी येऊ लागले.

"बाबा, सगळं फ्रिजवर लिहून ठेवलंय," सूनबाई म्हणाली. "सोमवारी मसूर घातलेलं टोमॅटोचं सार आणि पास्ता. मंगळवारी राजम्याची कटलेटं. बुधवारी टोफू-नूडल्स. गुरुवारी वाटाण्याचं सूप, चीज टोस्ट. शुक्रवारी पनीर. धाकटी काहीही खाते. थोरलीकडे लक्ष द्या. वाळत चाललीय. तिच्या पोटात प्रोटीन गेलं पाहिजे."

"जाईल. न जाऊन सांगतंय कुणाला?"

पहिल्या मंगळवारी राजमा तीन तास उकळला आणि तीन तासांनीही तो भांड्यात गोट्यांसारखा खुळखुळत होता. मांस भिजत घालावं लागत नाही. राजमा आदल्या रात्रीपासून पाण्यात झोपवावा लागतो, हे ज्ञान आजोबांना पासष्टाव्या वर्षी झालं. पण हात धंद्यातला होता. आठवडाभरात मसुराला किती पाणी, पनीर कधी उतरवायचं, कटलेट तव्यावर कधी उलटायचं हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळू लागलं. पाच वर्षांची धाकटी दोन्ही हातांनी खायची. थोरली ब्रेड खायची. कोरडा. ताटातलं बाकी सगळं ती चमच्यानं एका कडेला नेऊन ठेवायची, शिस्तीत, जणू ते दुसऱ्या कुणाचं सामान आहे.

"आवडलं नाही?"

"आवडलं."

"मग खा की."

"पोट भरलं, आजो."

हॉस्पिटलात जाण्याआधी सूनबाई दुपारी शाळेतून आलेल्या पोरींना काहीबाही करून घालायची, ते मात्र थोरली निमूट खायची. आजोबांना ते लागलं. ज्यांच्या हातचं घेऊन लोकांनी बारशापासून तेराव्यापर्यंतच्या पंगती उठवल्या, त्या हातचं घरातलं चारफुटी गिऱ्हाईक परत करत होतं.

दुकानात त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. तिथे ते थोरलीचा दुसराच किस्सा सांगत. ती एकदा शाळेतून परस्पर दुकानात आली होती. टांगलेल्या तंगडीकडे बोट दाखवून म्हणाली, "आजो, हा पाय कुणाचा?"

"बोकडाचा."

"मग तो आता चालतो कसा?"

"लंगडत!" आजोबा म्हणाले होते, आणि अख्खी रांग हसली होती. थोरलीनं रांगेकडे एकदा पाहिलं आणि ती घरी गेली. तेव्हापासून गिऱ्हाइकं यायची ती फर्माईश घेऊनच. "काका, तो बोकड कसा चालतो?" "लंगडत!" महिनाभर हा विनोद मटणाबरोबर फुकट मिळत होता.

दुसऱ्या मंगळवारी आजोबांनी मनावर घेतलं. राजमा रात्रभर भिजवला, गाजर, कांदा सुऱ्यानं केसाएवढा बारीक चिरला, कटलेटं अशी थापली की साच्यानं लाजावं. थोरलीनं एक तुकडा मोडला. वास घेतला. जिभेवर ठेवला. आजोबा श्वास रोखून उभे होते. खाणारं कोण, हे त्यांना आता कळलं असं त्यांना वाटलं. खाटकाची नात! तिला कडधान्य कसं गोड लागणार? पोर मटणाला पारखी झालीय, एवढंच.

ते वाकून तिच्या कानाशी म्हणाले, "खा बिनधास्त. आत थोडा दुकानातला खिमा घातलाय. आईला बोलायचं नाही."

थोरलीचा जबडा थांबला. ती उठली, मोरीत गेली आणि दार लावून घेतलं. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

"आता ताई ओकणार," धाकटी कटलेट चावत म्हणाली.

"का?"

"तू खिमा घातलास ना. ताई मटण खात नाही. तो बोकड चालत नाही म्हणून." तिनं दुसरं कटलेट ओढलं. "आणि तू त्याच सुऱ्यानं कापतोस, म्हणून ती तुझं जेवण पण खात नाही. रविवारी मटण असलं की पोट दुखतं म्हणते ना, ते दुखत नसतं. बाबाला पण काही झालेलं नाही. पण हे तुला सांगायचं नाहीये."

"कुणी सांगितलं?"

"आईनं. तुला वाईट वाटेल म्हणून." मग तिला काहीतरी आठवलं. "तुला वाईट वाटलं?"

"तू जेव," आजोबा म्हणाले.

ते मोरीच्या दाराशी गेले. दार वाजवावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग हात खाली घेतला.

"अगं, खोटं बोललो मी. खिमा नाहीये त्यात. राजमा आहे. नुसता राजमा."

आत नळ बंद झाला.

"आत्ता खोटं बोलतोयस."

"आत्ता नाही. मघाशी बोललो."

"मग मला कसं कळणार?"

चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं आजोबांना हा प्रश्न विचारला नव्हता. विचारायची वेळच त्यांनी येऊ दिली नव्हती. ते दाराबाहेर उभे राहिले. पलीकडे धाकटीनं ताईच्या वाट्याचंही संपवलं.

सकाळी सूनबाईनं त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"कोलेस्टेरॉल किती आहे गं त्याचं?"

सूनबाई पदराला हात पुसत राहिली. पदराला काही लागलेलं नव्हतं.

"बाबा, चहा निवतोय."

"जिन्यातली धाप?"

"ती मी शिकवली."

"वाईट टाकतो. वर पोचल्यावर पाच पावलं चालतो आणि मग आठवून टाकतो." त्यांनी बशीत चहा ओतला. "मला सांगितलं असतंस तर मी काय तिला ओरडलो असतो?"

"ओरडला नसता. तुम्ही हसला असता," सूनबाई म्हणाली. "ती घरी येऊन मला म्हणाली, आई, सगळे हसले. मग मला तुमच्यापुढे विषय काढवेना. तुम्हाला तरी कसं सांगू, की तुमची नात तुमच्या दुकानातलं खात नाही?"

आजोबांनी चहा संपवला. बशी विसळून जागेवर ठेवली, जे त्यांनी या घरात पूर्वी कधी केलेलं नव्हतं.

दुकानात गर्दी होती. नेहमीचा टेलर पुढे आला. "काका, पाऊण किलो. आणि तो बोकड कसा चालतो, ते होऊन जाऊ द्या!"

मागच्या दोघातिघांनी हसायची तयारी केली.

"खाणारं कोण?" आजोबांनी विचारलं.

"अहो, बोकड..."

"खाणारं कोण ते सांगा. रांग मोठी आहे."

टेलर म्हणाला, सासू आलीय. आजोबांनी हाडं काढून दिली.

संध्याकाळी सुरा धुतला, पुसला, फडक्यात गुंडाळला आणि पिशवीत घालता घालता त्यांचा हात थांबला. मग त्यांनी ओंडक्याखालचा खण उघडला, तो आत ठेवला आणि कुलूप लावलं. रिकामी पिशवी घेऊन ते भांड्यांच्या दुकानात शिरले.

"काका, सुरी? तुम्हाला?" भांडेवाला म्हणाला. "हे म्हणजे समुद्रानं मीठ मागायला आल्यासारखं झालं."

"घरची पाहिजे. छोटी."

त्यानं हिरव्या मुठीची एक दाखवली. आजोबांनी धार अंगठ्यावर पाहिली. धार अशी नव्हतीच. त्यांनी ती घेतली.

बुधवार होता. फ्रिजवर टोफू-नूडल्स लिहिलं होतं. आजोबांनी स्टूल ओढून ओट्यासमोर लावलं आणि चौकटीकडे न पाहता म्हणाले, "गिऱ्हाइकानं समोर उभं राहायचं. नियम आहे."

थोरली बराच वेळ चौकटीतच होती. मग आली आणि स्टुलावर चढली. तिनं टोफूचं पाकीट स्वतः फोडलं, वास घेतला. नवी सुरी उलटसुलट करून पाहिली. कढईचं झाकण उचललं. तेलाच्या बाटलीचं बूच काढलं. एवढी कडक तपासणी तर महापालिकेच्या साहेबानंही कधी केली नव्हती, आणि तो तर जाताना कलेजी घेऊन जायचा. आजोबा हात मागे बांधून उभे राहिले.

"तो मोठा कुठाय?" तिनं विचारलं.

"दुकानात. आता तिथेच राहणार."

"एकटा?"

"कुलपात आहे."

तिनं मान हलवली. मग दारामागच्या खिळ्याकडे पाहून खात्री करून घेतली.

"खाणारं कोण?" आजोबांनी सुरी उचलली.

"मी आणि ती."

"तुकडे केवढे?"

"चौकोनी. लहान." तिनं बोटांनी माप दाखवलं. "आजो, तो बोकड चालत नाही ना?"

हिरव्या मुठीची सुरी टोफूच्या मध्यावर टेकली होती.

"नाही," आजोबा म्हणाले. "चालत नाही."

"मला तेव्हाच माहीत होतं."

"मग विचारलंस कशाला?"

"तू काय सांगतोस ते बघायला."

आजोबांनी टोफू कापला. सुरी बोथट होती, चौकोन वाकडेतिकडे पडले. थोरलीनं प्रत्येक तुकडा स्वतः मोजून कढईत सोडला.

जेवताना तिनं नूडल्स संपवल्या, टोफूचे सात तुकडे खाल्ले आणि आठवा बशीच्या कडेला ठेवला.

"हा तुला," ती म्हणाली.

आजोबांनी तो तोंडात टाकला आणि सावकाश चावला. त्याला खरोखरच काही चव नव्हती. त्यांनी तो पूर्ण खाल्ला.

दारामागचा खिळा आता मोकळा होता. तो वापरात नाही हे सगळ्यात आधी धाकटीच्या लक्षात आलं. टाचा उंचावून तिनं आपली शाळेची पाण्याची बाटली त्यावर अडकवली आणि हात झटकले. आजोबांनी ते पाहिलं. फ्रिजवरचा कागद वाचला, उद्याचे वाटाणे काढले आणि मूठमूठ मोजून पाण्यात टाकू लागले. सून, मुलगा, थोरली, धाकटी. चौथ्या मुठीनंतर ते क्षणभर थांबले, आणि मग त्यांनी पाचवी टाकली.