बिनटाळ्यांची अंगणवाडी

हळद शिजवायचे दिवस होते. कुरुंद्याच्या शिवारात कढया चढलेल्या, धूर अन् ओल्या हळदीचा वास गावभर पसरलेला. सगळी माणसं रानात खपत होती, तातेराव तेवढे पांढरेशुभ्र कपडे घालून अंगणवाडीच्या दारात उभे होते. त्यांची बायको सुमनबाई गावची सरपंच. गावानं तिची सही पाहिली होती, आवाज काही ऐकला नव्हता. सरपंचकी तातेरावच करायचे.

मदतनीस मिराबाई खिचडीचे तांदूळ निवडत बसली होती. ती काही उठली नाही. असल्या माणसासाठी उठून गुडघे कोण दुखवतो!

तातेराव सांगायला आले होते की, शुक्रवारी तालुक्याच्या म्याडम येणार. दिव्यांग लेकरांची खेळणी वाटायची, फोटो काढायचे. खाजा मियाची नात अफशीन पुढं बसली पाहिजे. अन् वर हेही, की त्या दिवशी पोरगी किंचाळली तर सोमवारपासून तिचं नाव कमी करायचं. म्हणे चार घरच्या तक्रारी आल्यात. म्हणजे फोटोला पोरगी पाहिजे, अंगणवाडीत नको. मिराबाईनं मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या.

अफशीन चार वर्षांची, अजून बोलत नव्हती. आजा पिंजारी. कापूस पिंजायच्या मशीनशेजारी ती खुशाल झोपायची, पण कुणी टाळी वाजवली की कान दाबून किंचाळायची, भिंतीवर डोकं आपटून घ्यायची. गाव म्हणायचं, पोरगी सोंग करते. मिराबाई म्हणायची, सोंगं करायला ती काय तातेराव आहे?

सेविका निलम प्रशिक्षणाला जाऊन आली होती. तिथून तिनं जाडजूड पुस्तक आणलं, त्यात पहिलंच गाणं टाळ्यांचं. मिराबाईनं पुस्तक कपाटात ठेवलं आणि अंगणवाडीत टाळ्याच बंद केल्या. टाळीच्या जागी हात वर करायचे अन् बोटं हलवायची, बास. बावीस लेकरं आठ दिवसांत शिकली. अफशीन मात्र तीन महिने दाराशीच बसून होती. मग एक दिवस आपणहून पंगतीत आली, हात वर केले अन् बोटं हलवली. त्या दिवशी मिराबाई चुलीपाशी जाऊन पोटभर रडली.

"भाऊ, पोरगी येईल," ती म्हणाली. "पन टाळ्या वाजवायच्या न्हाईत."

"टाळ्या न्हाई तं कार्यक्रम कशाचा? एका पोरीपायी समद्या गावानं हात बांधून बसावं? नाकापरीस मोती जड करून राहिली तू."

"काहून, टाळ्यांबिगर भाषण पचत न्हाई का तुमाला?"

तातेराव तणतणत गेले.

शुक्रवारी मांडव पडला. तातेराव पाऊण तास बोलले. लेकरं म्हणजे देवाघरची फुलं, असं चारदा म्हणाले, अन् अफशीनचं नाव मात्र कागदात बघून वाचलं. खाजा मिया मागं उभा राहून नातीकडंच बघत होता. भाषण संपवून तातेराव टाळ्यांसाठी थांबले. बावीस लेकरांनी हात वर केले, बोटं हलवली. आवाज म्हणून नाही.

तातेरावांनी डोळे वटारले. त्यांच्या मागं मागं फिरणारा जगन होता, त्याचं कामच टाळ्या सुरू करायचं. त्यानं दोन वाजवल्याही. अफशीननं कान दाबले, तोंड उघडलं. तेवढ्यात पंगतीतून माऊली उठला, तातेरावांचाच नातू, पाच वर्षांचा. त्यानं जगनचे दोन्ही पंजे घट्ट धरले.

"वाजवू नको. आमच्या अफशीनला दुखतं."

त्याच्यामागं बाकीची लेकरं उठली अन् मोठ्यांतल्या ज्याचा हात सापडला त्याचा धरून बसली. मोठी माणसं ओशाळली. अफशीन मुसमुसली, पण किंचाळली नाही.

इतका वेळ मोबाईलमध्ये असलेल्या म्याडमनी मान वर केली. हे कुणी शिकवलं, म्हणून विचारलं. निलम मिराबाईकडं बघायला लागली, पण तातेराव तिच्या आधी बोलले.

"माझीच कल्पना, म्याडम. वर्षभर झालं राबवून राहिलो."

अन् लगेच दोन्ही हात वर करून बोटं हलवली. फोटो निघाला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! निलमला लई राग आला. मिराबाई तिला म्हणाली, "घेऊ दे त्याला मोठेपणा. समद्या गावादेखत बोलून बसला. आता पोरीचं नाव कसं कमी करतो?"

सोमवारी अंगणवाडीवर बॅनर चढला, 'टाळीमुक्त अंगणवाडी, संकल्पना: तातेराव'. उद्घाटनाला म्याडम पुन्हा आल्या. अन् त्या टाळीमुक्तीच्या उद्घाटनाला ह्या गाढवानं वसमतहून ताशा आणला होता, फटाक्याची लड आणली होती. मिराबाई खिचडीचा डाव हातात घेऊन दारात आली अन् म्याडमना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"भाऊ, ह्ये तुमच्या कल्पनेत बसतं का?"

म्याडम तातेरावांकडं बघायला लागल्या. तातेरावांनी घाम पुसला, ताशेवाल्यांना हातानं गप्प केलं, लड जगनच्या हाती परत दिली. मग भर उन्हात, आपल्याच बॅनरखाली, त्यांनी दोन्ही हात वर केले अन् बोटं हलवायला लागले. मागं सगळा गाव तसाच उभा.

मिराबाईनं अफशीनला कडेवर घेतलं.

"जरा वर धरा, भाऊ," ती म्हणाली. "लेकरायला दिसंना."